नऊशे किलोमीटर, दीड तास

अण्णांनी आपल्या आणि लेकीच्या शहरांमध्ये एकतीस वर्षं बस चालवली होती. नऊशे किलोमीटर, अठरा तास. कुठल्या घाटात इंजिन तापतं आणि कुठल्या नाक्यावर गाडी अडते, सगळं तोंडपाठ. तेच अंतर विमान दीड तासात कापतं हे तिकिटावर वाचलं, आणि त्यांनी ते दोनदा ताडून पाहिलं. विमानाची भीती नव्हती. वेळ पुरणार नव्हता.

चार वर्षांपूर्वी लेकीने लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मुलाशी लग्न ठरवलं. तो भेटायला आला, तर अण्णांनी त्याला उंबऱ्याबाहेर उभं करून नाही नाही ते सुनावलं. तेव्हापासून बोलणं बंद. बायको मात्र बाळंतपणासाठी महिनाभर आधीच लेकीकडे गेली होती. परवा तिचा फोन आला.

"मुलगी झाली. जावयांनी तुमचं तिकीट काढलंय. आता आढेवेढे घेऊ नका."

जावयाला काय म्हणायचं ते वाटेत ठरवू, असं म्हणून अण्णा निघाले. पण पट्टा लावण्यात, कान दुखण्यात, शेजाऱ्याचं कोपर चुकवण्यात निम्मा वेळ गेला. खिडकीतून आपला रस्ता दिसतो का म्हणून मान वाकडी केली, तर खाली नुसते ढग. 'माझं चुकलं' हे फार कोरडं वाटत होतं. 'झालं गेलं विसरा' म्हणावं, तर विसरायचं त्याने, सांगायचं आपण? तिसरं काही सुचेपर्यंत चाकं जमिनीला लागली.

बॅग मिळाली, तरी अण्णा बाहेर पडेनात. बाकावर बसले, उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. शेवटी बायकोला फोन लावला.

"विमानाला उशीर आहे गं. तासभर तरी लागेल."

"अहो, जावई तिथे विमानांच्या वेळांच्या बोर्डाखालीच उभे आहेत. विमान उतरून पाऊण तास झाला म्हणतात. तब्येत बरी आहे ना तुमची?"

अण्णांनी मुकाट्याने बॅग उचलली.

जावई पुढे आला, वाकला, बॅग घेतली. "प्रवास कसा झाला?"

"लवकर झाला."

दोघं गाडीने निघाले. दुसऱ्या सिग्नलला जावयाने गाडी बंद पाडली, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पाडली. ते पाहून अण्णांच्या लक्षात आलं, की हाही दोन दिवस हेच घोकत असणार.

"क्लच हळू सोडा," ते म्हणाले. आणि त्याच दमात, "त्या दिवशी मी तुम्हाला दारातून घालवलं. तसं कुणी कुत्र्यालाही घालवत नाही."

मागून हॉर्न वाजायला लागले. जावयाने या खेपेला गाडी नीट उचलली. चौक ओलांडल्यावर तो म्हणाला, "मला राग होता. अजूनही थोडा आहे."

"असू द्या."

"पण मुलगी तुमच्यासारखी दिसते. तुमच्या लेकीला तसं म्हणालो, तर ती रडायलाच लागली."

अण्णांनी खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली. "अजून किती लांब आहे?" त्यांनी विचारलं.

"दहा मिनिटं."

"जरा दामटा की मग," अण्णा म्हणाले.