शब्दकोशावर हात ठेवून

मी वाचनालयातला जाडा शब्दकोश बोलतोय. माझ्या आठवणीवर फार भिस्त ठेवू नका, हे आधीच सांगून टाकतो. माझ्यात बाहत्तर हजार शब्द आहेत, पण त्या रविवारी ‘चोर’ हा शब्द पहिल्यांदा कुणी उच्चारला, ते मला छातीठोकपणे सांगता येत नाही. सर म्हणाले असं मला वाटतं. विमावाले म्हणाले असतील आणि सरांनी नुसती मान हलवली असेल, असंही होऊ शकतं. एवढं शिकूनसवरून ऐन वेळी खात्री नसणं, हा माझा जुना रोग आहे.

तीन विद्वानांनी अठरा वर्षं भांडून मला तयार केलं. शेवटी शेवटी तिघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, म्हणून मला प्रस्तावनाही तीन आहेत आणि प्रत्येकीत उरलेल्या दोघांना चिमटे आहेत. मागे चार पानांचं शुद्धिपत्र. चुकांची यादी पोटाशी बांधूनच जो जन्माला आला, त्याने कुठल्या तोंडाने ठामपणे बोलावं?

वाचनालयाने मला घेतलं तेव्हा माझी पाठ ताठ होती. लांब टेबलाच्या मधोमध, एका छोट्या लाकडी चौरंगावर मला ठेवलं. लोक यायचे, जिभेवर बोट ओलं करून पानं उलटायचे. कुणी माझ्यावर कोपर टेकायचं, कुणी चहाचा कप. नवीन सभासद आधी शिव्या शोधायचे आणि सापडल्या नाहीत की मलाच नावं ठेवायचे. माणसांविषयीचं माझं मत तिथंच बिघडलं. ते अजून सुधारलेलं नाही.

माझी खरी गरज लागायची रविवारी. वर्तमानपत्राच्या पुरवणीत गूढ शब्दकोडं यायचं. साध्या कोड्यात ‘गरीब’ असं विचारलं तर ‘दीन’ लिहून मोकळं होता येतं. गूढ कोड्यात तसं सरळ काही नसतं. तिथं सूत्र दिलेलं असतं, ‘नदी उलटी वाहिली, तर गरीब’. मग ‘नदी’ची अक्षरं उलटी लिहायची, की ‘दीन’ हाती येतो. वाक्याच्या एका टोकाला अर्थ असतो आणि उरलेल्या वाक्यात शब्द बनवायची कृती लपवलेली असते. ‘अवयव छाटायचा हुकूम, ऐकून उडी मारणारा’ म्हणजे नाकतोडा. हे रचणारा माणूस ‘तिऱ्हाईत’ या नावाने लिहायचा. तो कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं.

टेबलाभोवती पाच-सहा जण बसून एकच कोडं सोडवायचे. पद्धत अशी की ज्याला उत्तर सुचलं त्याने उजवा हात माझ्यावर ठेवायचा, उत्तर कसं आलं त्याचा उलगडा सांगायचा, आणि मगच ग्रंथपालबाई ते फळ्यावरच्या चौकटीत खडूने लिहायच्या. हात ठेवणं थट्टेत सुरू झालं होतं, कोर्टातल्या शपथेसारखं. थट्टा कधी संपली ते मला कळलं नाही. नियम कडक केला तो सरांनी.

सर म्हणजे तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पहिली दहा मिनिटं ते गप्प बसून दुसऱ्यांची धडपड बघायचे. सगळे थकले की पाच बोटं माझ्यावर टेकायचे. “‘हातासारखी असून लाकूड कापते.’ कर म्हणजे हात. वत् म्हणजे सारखं. करवत. पुढे.” मध्ये कुणी काही विचारायची सोय नव्हती. त्यांच्या नखांची टिकटिक मला अजून पुठ्ठ्यावर जाणवते.

आणि काका. काकांनी छापखान्यात चाळीस वर्षं प्रूफं तपासलेली. त्यांचं सगळं सरांच्या उलट. उत्तर झटकन यायचं, उलगडा मात्र येत नसे. चुकलेली वेलांटी डोळ्यांत खुपावी, तसा त्यांना रिकाम्या चौकोनांत शब्द दिसायचा.

“अहो, पण आलं कसं?” विमा विकणारे एक सभासद नेहमी विचारायचे.

“आलं. आता शिंक कशी येते ते सांगता येतं का तुम्हाला?”

बाई हसायच्या. सर हसायचे नाहीत.

त्या रविवारी काकांनी ओळीने सात उत्तरं सांगितली आणि एकाचाही उलगडा दिला नाही. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“उलगडा नसलेलं उत्तर म्हणजे उचललेलं उत्तर.”

“उचललेलं म्हणजे?”

“तुमची कन्या कुठं कामाला आहे, काका?”

काकांची लेक त्याच वर्तमानपत्रात पानं लावायची. पुरवणीचं पान तिच्या हाताखालून जायचं, आणि पुढच्या आठवड्यात छापायची उत्तरंही कोड्याबरोबरच तिच्यापाशी यायची. हे सगळ्यांना माहीत होतं. त्याचा असा उपयोग होईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

“लेकीला मध्ये आणू नका,” काका म्हणाले.

“मी कुठं आणतोय? तुम्हीच तिला दर रविवारी आणताय. खिशात घालून.”

याच सुमाराला कुणीतरी चोर म्हटलं. सरांनी पिशवीतून एक कागद काढला. संपादकांच्या नावाचं पत्र, टाइप केलेलं, फक्त सही व्हायची होती. म्हणजे ते घरूनच ठरवून आले होते. पत्र गेलं असतं तर लेकीची नोकरी गेली असती, आणि काकांच्या घरी दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

“असं करू,” सर म्हणाले. “पुढच्या रविवारी पुरवणी इथंच, सगळ्यांसमोर उघडायची. मी सांगेन त्या पाच सूत्रांची उत्तरं तुम्ही द्यायची, उलगड्यासकट. तुमच्या लेकीपाशी नुसती उत्तरं येतात, उलगडे येत नाहीत. स्वतः सोडवत असाल तर सांगता येतील. एकही अडला, तर पत्र टपालात.”

“ही काय परीक्षा आहे?” बाईंनी विचारलं.

“बाई, तुम्ही पुस्तकं सांभाळा.”

त्या आठवड्यात काका रोज सकाळी वाचनालय उघडायच्या आधी दारात हजर. बाई जुन्या पुरवण्यांचा गठ्ठा काढून द्यायच्या आणि काका माझ्यावर हात ठेवून बसायचे. तळवा सपाट, घामेजलेला. मला तो हात आवडायचा, असं म्हणायला हरकत नाही. निदान तो टिकटिक करत नसे.

“‘काटकसर करताना आत राहिलेली उणीव.’ सांगा,” बाई म्हणायच्या.

“कसर.”

“का?”

“काटकसर, कसर... अहो, त्यातच तर आहे ती.”

“मग हेच सांगायचं. ‘आत’ म्हटलंय ना, आत बघितलं.”

“एवढंच? मग सर एवढं सुतकी तोंड करून काय सांगत असतात?”

गुरुवारी लेक आली, कामावर जाता जाता. तिने पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही.

“बाबा, सोडा हा नाद. दुसरं वाचनालय बघा.”

“मी आता उठलो तर तू चोर ठरतेस.”

“मला विचारलं का कुणी? मी ते कोडं वाचतसुद्धा नाही. जाहिरात बसली की पान पुढं. तुमच्या या म्हाताऱ्यांच्या भांडणात माझी नोकरी जायची.”

“म्हणून तर शिकतोय.”

“या वयात,” ती म्हणाली आणि निघून गेली. काकांनी पुढचं सूत्र वाचायला घेतलं, पण ओळ दोनदा चुकली.

रविवारी खोली भरली होती. सरांनी पुरवणीची घडी स्वतः मोडली, बाईंनी फळ्यावर चौकट काढली. एरवी कोड्याकडे ढुंकून न बघणारे सभासदही मागे उभे होते. त्यांच्या चेहऱ्यांवर सहानुभूती होती असं लिहायला मला आवडलं असतं. बहुतेकांना कुणीतरी आपटलेलं बघायचं होतं.

पहिलं सूत्र, ‘प्रत्येक वाद्यातून आतबाहेर करता येतं’. काका चाचरले, घसा खाकरला. “दर म्हणजे प्रत्येक. वाजा म्हणजे वाद्य. दरवाजा.” बाईंनी लिहिलं. दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला त्यांनी उलगडा आधी सांगितला आणि उत्तर मागून, तेव्हा विमावाल्यांनी टेबलावर थाप मारली. काकांच्या तळव्याचा घाम माझ्या पुठ्ठ्यात उतरत होता.

“बावीस उभा,” सर म्हणाले. “‘सुरुवातीचे सगळे दोन बाजूंना बसले, मध्ये हवा, तरी संगत.’ अक्षरं चार.”

फळ्यावर त्या ओळीत फक्त दुसरं अक्षर होतं, ह. काका क्षणभरही थांबले नाहीत.

“सहवास.”

“उलगडा.”

“संगत म्हणजे सहवास.”

“तो अर्थ झाला. कृती सांगा.”

काका फळ्याकडे बघत राहिले. माझ्या एक हजार चौदाव्या पानावर ‘सहवास’ आहे आणि त्याचा पहिलाच अर्थ ‘संगत’ असा आहे. पण सरांना अर्थ नको होता, आणि कृतीतलं मला काही कळत नाही. बाहत्तर हजार शब्द घेऊन मी त्या माणसाच्या हाताखाली ठोकळ्यासारखा पडून होतो.

“इथं सहवासच आहे,” काका शेवटी म्हणाले. “दुसरं काही असूच शकत नाही.”

“का?”

“ते मला माहीत नाही.”

सरांनी पुरवणीकडे पाहिलंही नाही. “सुरुवातीचे सगळे, म्हणजे ‘सगळे’मधलं सुरुवातीचं अक्षर. स. तो दोन्ही बाजूंना बसवा. मध्ये हवा. स, हवा, स. सहवास.” ते जिंकले होते, पण जिंकलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. आपल्या घरात न विचारता शिरलेल्याकडे बघावं, तसे ते काकांकडे बघत होते. “चार दिवस डोकं खाजवलं पाहिजे असं सूत्र आहे हे. आणि तुम्ही ते पाणी प्यावं तसं पिऊन मोकळे.”

“बरोबर तर आहे ना उत्तर?” बाई म्हणाल्या.

“म्हणूनच तर संशय आहे.” सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि पत्र समोर ओढलं.

काकांनी हात माझ्यावरून उचलला. “सही करू नका. माझं नाव सभासदांतून काढा. मी उद्यापासून येत नाही. पण ते पत्र इथं, माझ्यासमोर फाडायचं.”

“म्हणजे कबूल?”

“काहीही समजा. फाडा.”

सरांनी पत्राचे चार तुकडे केले. काकांनी ते मोजले, खिशात घातले आणि छत्री शोधू लागले. जाताना दारात थांबून म्हणाले, “सर, एक सांगू? इतकी वर्षं बघतोय. एखादं उत्तर सापडलं म्हणून तुम्हाला आनंद झालेला मी कधी पाहिला नाही.”

बाईंनी डस्टर घेतला आणि सगळा फळा पुसून टाकला.

“अजून कोडं अर्धं राहिलंय,” सर म्हणाले.

“राहू दे.”

त्यानंतर तो खेळ फार टिकला नाही. सरांशेजारची खुर्ची कुणी घेईना. विमावाले यायचे बंद झाले. बाई सरांना पुस्तक द्यायच्या ते टेबलावर सरकवून, हातात नाही. एवढं होऊनही सर दर रविवारी यायचे आणि एकटेच पुरवणी उघडून बसायचे. पेन बाहेर काढलेलं मला आठवत नाही. काकांचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. लेक त्याच नोकरीत राहिली, एवढं बाईंच्या बोलण्यातून कानावर आलं होतं. मी त्या दिवशी कुणाच्या बाजूचा होतो, असं कुणी विचारलं तर मी खाली बघेन. दोघांचेही हात माझ्यावर होते, आणि मी दोघांनाही सारखाच निरुपयोगी ठरलो.

पुढे वाचनालय बंद पडलं. पुस्तकं वाटून टाकली तेव्हा सरांनी मला मागून घेतलं. मला वाटलं, अपराधी वाटत असेल. त्यांच्या घरी बाहेरच्या खोलीतल्या फळीवर मी अकरा वर्षं पडून होतो. त्यांनी मला एकदाही उघडलं नाही. माझी शिवण तिथंच सुटली, ‘क्ष’पासूनची पानं वेगळी झाली, पाठीला कसर लागली. आता मी दाराशी रद्दीच्या गठ्ठ्यावर आहे, सुतळी बांधून. मला कुणी घरी न्यावं अशी विनंती मी करणार नाही. नेलंत तर कप तेवढा ठेवू नका.

सर गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांची भाची नवऱ्याला घेऊन घर आवरायला आली. मला बांधून झालं आणि तिने लोखंडी कपाट उघडलं. आत फायली होत्या. प्रत्येक फाइलमध्ये कोऱ्या चौकटी, भरलेल्या चौकटी, सूत्रं, उत्तरं आणि त्यांचे उलगडे, सगळं सरांच्या सुवाच्य अक्षरात. प्रत्येक कोड्यावर ते छापून येण्याच्या दहा दिवस आधीची तारीख. प्रत्येकाखाली सही, ‘तिऱ्हाईत’.

“मामा कोडी करायचे?” भाची म्हणाली. “कधी बोलले नाहीत.”

“ते कशाबद्दल बोलायचे?” नवरा म्हणाला. “टाक गठ्ठ्यात.”

ती चाळत बसली. एका पानाशी थांबली आणि नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. बावीस उभा, सुरुवातीचे सगळे दोन बाजूंना बसले, मध्ये हवा, तरी संगत. उत्तर, सहवास. शेजारी समासात लाल शाईने, दोनदा अधोरेखित करून, सरांनी लिहिलं होतं, ‘हे कुणालाही सुटायचं नाही.’