बुजवलेला बाजार

उत्खननाची प्रमुख होती ताई, आणि खड्ड्याच्या काठावरचं घड्याळदुरुस्तीचं दुकान तिच्या थोरल्या भावाचं. शहराच्या ऐन मध्यावरचं वाहनतळ उखडून तिची माणसं दोन वर्षं खणत होती. खाली पुरातन बाजार लागला होता: दगडी रस्ता, दोन्ही अंगांना दुकानांचे उंबरे, एका दुकानात जमिनीत पुरलेले रांजण. रांजणांची रांग नेमकी दादाच्या भिंतीखाली शिरत होती. तुझ्याआधी इथे कोण बसायचा ते शोधते, असं ती त्याला चिडवायची. तो म्हणायचा, सापडला तर विचार, त्याची तरी गिऱ्हाइकं वेळेवर यायची का.

मग एका सकाळी रस्त्याखालची पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली. पाणी बंद होईपर्यंत खड्ड्याची दुकानाकडची बाजू लोण्यासारखी मऊ झाली होती आणि दादाच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. इंजिनिअरने भेगेत हात घातला, तो मनगटापर्यंत गेला. खड्डा आत्ताच्या आत्ता मातीने भरला तर भिंतीला टेकू मिळेल, कदाचित टिकेल, असं तो म्हणाला. रांजण हलवणं दूरच, पण निदान शेवटचे फोटो काढायला ताईने तासभर मागितला. त्याने नुसती नकारार्थी मान हलवली.

दादा शटर अर्धं ओढून आत बसला होता. एकदा बाहेर पडलो की पुन्हा आत पाऊल टाकू देणार नाहीत, हे त्याने डोक्यात घेतलं होतं. वहिनी रस्त्यावरून हाका मारून थकली. तो ओ देईना.

ताईने माती टाकायला मशीनवाल्याला खूण केली. तो जागचा हलेना. या दोन वर्षांत तोही ते उंबरे पाय न लावता ओलांडायला शिकला होता.

"बाई, नक्की ना?"

"टाक."

पहिला ढीग पडला आणि रांजण फुटल्याचा आवाज वरपर्यंत आला. तिची माणसं पाठ फिरवून उभी राहिली. ती बघत राहिली. रस्ता दिसेनासा झाला, तशी ती वळली आणि इंजिनिअर ओरडत असतानाच वाकून शटरखाली शिरली.

छतातून माती गळत होती. दादा टेबल घट्ट धरून बसला होता.

"तू जा," तो म्हणाला. "तुझा बाजार वाचव. मी माझं बघतो."

"माझा बाजार बुजवून आलेय, दादा. आता तू ऊठ."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती कधी खोटं बोलली तर त्याला चेहऱ्यावरून कळायचं. तो उठला.

दोघं बाहेर पडली, आणि दुपारी भिंत गेलीच. टेकू पुरला नाही. भिंतीमागोमाग छत बसलं आणि सगळा ढिगारा त्या नव्या भरावावर कोसळला. पोलिसांनी रस्ता बंद केला. तिथे पुन्हा खणायची परवानगी मिळणार नाही, हे ताईला कुणी सांगायची गरज नव्हती.

वहिनी पदराने दादाच्या केसांतली धूळ झाडत होती. ताईकडे तिने पाहिलं नाही.

"तेलही गेलं, तूपही गेलं," दादा म्हणाला. हसायला गेला, पण जमलं नाही. मग जरा सरकून त्याने फुटपाथवर तिला जागा करून दिली आणि विचारलं, "खाली काय काय होतं गं?"

ती सांगू लागली. पहिलं दुकान सांगितलं, दुसरं सांगितलं. तिसऱ्याशी ती थांबली. दादाने पुढचं विचारलं नाही.