किरीमेणिकेचा खांब

विजेकूनसाहेबाने करवत पुढे केली. रस्ते खात्याच्या पहिल्या गड्याने ती दुसऱ्याच्या हातात दिली, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, आणि चौथ्याने गपचूप गवतावर ठेवून दिली. बोधिवृक्षाला पातं लावायचं? कोण लावणार!

"तूच चालव की रे," पारावरून किरीमेणिके म्हणाली. सत्तरी उलटली तरी म्हातारीची जीभ तिखट. "साहेब आहेस ना?"

"थट्टा नको, आजी. फांदी रस्त्यावर एवढी वाकलीय की बसचा टप घासतो. उद्या यंत्रच आणतो. यंत्राला पाप लागत नाही."

किरीमेणिकेच्या अंगाची लाही लाही झाली. धरणात गाव बुडालं आणि सगळ्यांना या कोरड्या मुलखात आणून टाकलं, तेव्हा तिचा नवरा पुंचिराळ थेट अनुराधपूरला गेला होता. तिथल्या महाबोधी वृक्षाच्या बीजाचं रोप मडक्यातून आणलं आणि बुडालेल्या गावाची आठवण म्हणून इथे लावलं. "हे जगलं तर आपण जगलो," म्हणाला होता. झाड जगलं, पुंचिराळ गेला. आता त्याच झाडावर यंत्र? तिच्या डोळ्यांदेखत? छे!

"फांदीला टेकू दिला तर?" तिने विचारलं.

साहेबाने झाडाखाली बघितलं. लोकांनी नवस फेडायला फांद्यांखाली लावलेले वीसेक टेकू होते, चुना फासलेले, पण सगळे बारके नि बुटके. "नऊ हात उंच लागेल, आणि चांगला जाड. तसलं लाकूड आता जंगलातून तोडू देत नाहीत. कुठून आणणार?"

"तुला काय करायचंय? उद्या ये."

ती तडक घरी गेली. तिच्या घराच्या मधोमध जुन्या घराचा खांब उभा होता, वरच्या टोकाला बेचकं असलेला. पाणी चढत असताना पुंचिराळने तेवढाच बैलगाडीत घातला होता. पोरांची उंची मोजलेल्या खुणा अजून त्यावर होत्या. रोज दुपारी ती त्यालाच पाठ लावून बसायची.

"काढ," ती शेजारच्या गुणदासला म्हणाली.

"आजी, वेड लागलंय का? छप्पर खाली येईल!"

"येऊ दे. मी पडवीत राहीन. काढतोस की कुऱ्हाड मी घेऊ?" बोलतानाही तिचा हात खांबावरून हलला नाही.

संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाने खांदा देऊन फांदी उचलली आणि खाली, रस्त्याच्या कडेला, खांब ठोकून बसवला.

सकाळी यंत्र आलं ते बसच्या मागोमाग. बस फांदीखालून गेली, आणि टपावर हातभर जागा उरली. विजेकूनसाहेब खाली उतरला. जोडे काढून त्याने झाडाला हात जोडले, मग खांबावरच्या खुणा निरखल्या आणि वळून पलीकडच्या तिच्या घराकडे बघितलं. छप्पर मधोमध खचलं होतं.

"आजी," तो हळूच म्हणाला, "तुमच्या घराला आता टेकू कोण देणार?"

किरीमेणिके खांबाला पाठ लावून बसली होती, रोजच्यासारखीच.

"तुझे चार गडी कालपासून रिकामेच आहेत ना?" ती म्हणाली. "लाव की कामाला!"