गजकर्ण आणि शिंप्याचं गुपित

शिंप्याच्या हनुवटीखाली नाण्याएवढा लाल चट्टा उठला. औषधाच्या दुकानातून त्याने स्वतःच्याच मनाने एक मलम आणलं. खाज थांबली, पण चट्टा पसरत पसरत बशीएवढा झाला. मग तसलाच एक चट्टा बायकोच्या मनगटावर उठला आणि तिने त्याला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी कातडीचा कोंडा खरवडून काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. "बुरशी आहे. गजकर्ण," त्या म्हणाल्या. "त्या मलमाने खाज दबली, बुरशी मात्र फोफावली. टॉवेल एकच वापरता का?"

"यांना दुसरा कधी सापडतच नाही," बायको म्हणाली.

"घरात मांजर, कुत्रं?"

"छे. मांजर तर मी उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही."

शिंप्याला एकाएकी खोकला आला. बायकोने वळून त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"दुकानात आहे," तो हळूच म्हणाला. "लहानसंच आहे."

"म्हणून रोज डब्यातलं दूध संपवून येता होय? मला वाटलं, तब्येत सुधारतेय."

"काज करताना ते गळ्याशी येऊन झोपतं गं. हात मोकळे राहतात."

"मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे मालकाचेही डोळे मिटलेले."

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबत चिठ्ठी लिहिली आणि बजावलं, चट्टा दिसेनासा झाला तरी मी सांगेपर्यंत औषध सोडायचं नाही. पिल्लालाही जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं.

बायको तडक दुकानात गेली. आता पिल्लू रस्त्यावर जाणार, या भीतीने शिंपी तिच्या मागे जवळजवळ पळतच होता. शिवणयंत्राखालच्या खोक्यात, चिंध्यांच्या ढिगात, एक करडं पिल्लू बसलं होतं. एका कानावरचे केस झडून तिथे खपली धरली होती. त्याने मान वर करून बारीक आवाज काढला.

"अहो, याचा कान बघितलात का कधी?"

"मला वाटलं, भांडणात फाटला असेल."

"एवढंसं पोर कुणाशी भांडणार? आणि या चिंध्यांत झोपवता त्याला?"

तिने चिंध्या जाळायला काढल्या, दुकान धुवायला लावलं आणि रबरी हातमोजे चढवून पिल्लाला टोपलीत घातलं. घरी मोरीशेजारची खोली त्याला मिळाली. जनावरांच्या डॉक्टरने दिलेल्या औषधी पाण्याने ती त्याला आंघोळ घाली. ते ओरबाडायचं, ती रागवायची, आणि शिंपी दाराबाहेर उभा राहून दोघांची समजूत घालायचा.

चट्टे फिके पडत गेले. कानावर मऊ केस फुटले. ज्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांची आणि जनावरांच्या डॉक्टरने पिल्लाची औषधं बंद करायला सांगितली, त्या संध्याकाळी शिंपी पिल्लाला दुकानात न्यायला टोपली घेऊन आला. पिल्लू बायकोच्या मांडीवर पसरलं होतं.

"चल रे," तो म्हणाला.

"दुकानात धूळ असते," ती म्हणाली. "तुम्ही जा. आणि येताना दूध जास्त आणा."