नाना उठेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. सागवानी, वेताच्या बैठकीची, दोन्ही बाजूंना हात असलेली. माझ्यावर कुणी बसलेलं दिसत नसलं म्हणून मी रिकामी आहे असं समजू नका. ही चूक भल्याभल्यांनी केली आहे.

माझा जन्म भायखळ्याच्या एका सुताराकडे झाला. माझगावात एक जुना बंगला पाडला होता, त्याच्या दारांचं लाकूड सुतारानं आणलं आणि त्यातून आम्हा खुर्च्यांना घडवलं. त्या दारांतून ये-जा केलेली माणसं केव्हाच गेली होती. पण माझ्या अंगात त्यांची पावलं थोडी उरली असावीत. कुणी पाठीमागून गेलं की अजूनही मला दार उघडल्यासारखं वाटतं.

पुढे एका सरकारी कचेरीत, दुसऱ्या मजल्यावरच्या सभेच्या खोलीत, एका लांब टेबलाशी मला ठेवण्यात आलं. तिथे अल्पसंख्याक समाजांची सल्लागार समिती भरत असे. ही काय भानगड, असं तुम्ही विचाराल. सरकार फार मोठं असतं आणि लहान समाजातल्या एकेकट्या माणसाचा आवाज त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. म्हणून प्रत्येक समाज आपला एक माणूस पाठवतो. तो टेबलाशी बसतो आणि आपल्या लोकांचं म्हणणं मांडतो. सल्ला देणं हे समितीचं काम, तो ऐकणं ही सरकारची मर्जी. तरीही अध्यक्ष दर वेळी विचारत, “अमुक समाजाची काही हरकत?” आणि त्या समाजाच्या माणसानं हो किंवा नाही सांगायचं. एवढ्यासाठी आम्ही खुर्च्या मांडलेल्या असायच्या.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर पेझारकर साहेब बसत. ते ज्यू समाजाचे, बोलणं मात्र थेट अलिबागकडचं. त्यांच्या समाजाची माणसं आता इतकी थोडी उरली होती, की ते प्रत्येक सभेत एकच विषय काढत: दफनभूमीची पडलेली भिंत. लोक गालातल्या गालात हसत. मला हसू यायचं नाही.

आणि माझ्यावर बसत नाना तांबे, बौद्ध समाजातर्फे. परळच्या एका चाळीत राहणारे, गिरणीत आयुष्य घालवलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून येणारे. नानांची एक सवय होती. बोलायला उठण्याआधी ते माझे दोन्ही हात घट्ट पकडत. तिथलं माझं पॉलिश त्यांनीच घालवलं, आणि त्याचा मला राग नाही. चाळीच्या आवारात लोकांनी स्वतः विटा वाहून एक छोटा हॉल बांधला होता. पुढे बुद्धमूर्ती आणि मागे मुलांची अभ्यासिका. एका खोलीत सात-आठ माणसं राहत असली की पुस्तक उघडायचं कुठे? तो हॉल म्हणजे नानांचा जीव की प्राण होता. समितीत त्यांनी त्याच्यासाठी वीज मागितली, पंखे मागितले, भांडून मिळवले.

कुणाच्या निधनामुळे सभा पुढे ढकलली की नाना चिडत. “माणूस गेला की गेला,” ते म्हणत. “त्याच्या नावानं काम अडवू नका.”

आणि मग नानाच गेले.

चाळीतल्या लोकांनी श्राद्ध केलं नाही, पिंड ठेवला नाही. ते हे मानत नाहीत. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत बुद्धवंदना झाली, माणसं बोलली, खूप रडली. पण त्यानंतर सगळ्यांनी मिळून एक ठराव केला. पहिला स्मृतिदिन होईपर्यंत समितीत नानांच्या जागेवर कुणी बसायचं नाही. नानांचा मान म्हणून. आत्म्यावर विश्वास नसलेल्या माणसांनी एका खुर्चीवर आपल्या माणसाला वर्षभर बसवून ठेवलं. प्रेमात माणसं असं काही करून बसतात.

कचेरीतला शिपाई गुणाजी मूळचा मालवणकडचा. त्याला तर हे फारच पटलं. कुणी माझ्यावर नुसती बॅग ठेवली तरी तो ती उचलून बाजूला करी.

आता मी जे सांगणार आहे त्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. त्या महिन्यांत नाना माझ्यावर बसत होते. सभा सुरू झाली की माझा वेत हळूच खाली दबायचा. मी आमच्या खोलीतल्या इतर खुर्च्यांकडे पाहायची. त्यांना काही जाणवलेलं दिसत नसे. सुरुवातीला मला बरं वाटलं. ओळखीचं ओझं होतं ते. पण मित्रांनो, त्या ओझ्याला ऊब नव्हती, आणि ते दर सभेला जास्त जड होत गेलं.

एके दिवशी सभेत परळच्या त्या चाळीच्या पुनर्विकासाचा नकाशा आला. चाळीच्या जागी टॉवर होणार, सगळ्यांना घरं मिळणार, हे चांगलंच होतं. पण हॉल नकाशात कुठेच नव्हता. त्याच्या जागी गाड्या उभ्या राहणार होत्या. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “बौद्ध समाजाची काही हरकत?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. आणि माझे दोन्ही हात कुणीतरी घट्ट पकडले. मी कधी कुरकुरत नाही, सागवानाला ते शोभत नाही. पण त्या दिवशी माझा सांधा न् सांधा करकरला. गुणाजीनं दारातच हात जोडले. पेझारकर साहेब म्हणाले, “समाजाचं माणूसच इथे नाही, तर विचारताय कुणाला?” त्यावर अध्यक्षांनी प्रत्येकानं आपल्या समाजापुरतं बोलण्याच्या नियमाची आठवण करून दिली. मग ते म्हणाले, “हरकत नाही. पुढचा विषय घ्या. आणि ही खुर्ची दुरुस्त करून घ्या.”

हॉल रिकामा करा अशी नोटीस लागली तेव्हा चाळीला हे कळलं. पुढच्या सभेत समितीची शिफारस सरकारकडे जाणार होती. ती गेली की हॉल गेलाच. मग नानांच्या सुनेचं, दर्शनाचं, नाव घाईनं पाठवण्यात आलं. ती लालबागला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिचं माहेरही त्याच चाळीतलं, आणि तिचा स्वतःचा अभ्यास त्याच अभ्यासिकेत झाला होता. निघताना सासूनं, बकुळाबाईंनी, तिला बजावलं होतं, की बोल, पण त्यांच्या जागेवर बसू नकोस.

ती आली. गुणाजी लगबगीनं पुढे झाला आणि हळूच म्हणाला, “थंय नको, ताई. थंय नाना आसत.” त्यानं भिंतीपाशी एक प्लास्टिकची खुर्ची मांडली. दर्शना निमूटपणे तिच्यावर बसली. घरात नाना नसतानाही ती कधी त्यांच्या खाटेवर बसली नव्हती, इथे कशी बसेल?

विषय आला तशी ती उभी राहिली. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते, फक्त नियमाचे पक्के होते. ते म्हणाले, “बाई, भिंतीकडे पाहुणे बसतात. बोलायचं तर तुमच्या समाजाच्या खुर्चीवर बसावं लागेल.”

ती माझ्याजवळ आली. माझ्या पाठीवर तिनं हात ठेवला. माझ्यावर नाना बसलेले होते, मित्रांनो, दगडासारखे जड. ती वाकली आणि फक्त मला आणि गुणाजीला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “नाना, उठा आता. मला बसायचंय.”

माझा वेत वर आला. हातांवरची पकड सुटली. मला रडता येत असतं तर मी तेव्हा रडले असते.

दर्शना बसली. तिचं वजन हलकं होतं, पण ते उबदार होतं.

“आमची हरकत आहे,” ती म्हणाली.

मागच्या सभेत हा विषय झाला आहे, अध्यक्षांनी सांगितलं. हरकत आली नव्हती. खुर्ची रिकामी होती.

“खुर्ची रिकामी ठेवली ही आमची चूक,” दर्शना म्हणाली. “आम्ही आमच्या माणसासाठी थांबलो होतो, साहेब. तुम्ही आमच्या दुःखाला होकार समजलात.”

मग पेझारकर साहेबांनी नियम मोडला. हरकत नीट ऐकून घ्या, असं ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी भिंतीचा विषय काढला नाही. शिफारस थांबली. जागेची पाहणी करून मगच ठरवायचं आणि पाहणीला दर्शनानं हजर राहायचं, असं ठरलं. हॉल वाचेल की नाही हे मला सांगता येणार नाही. आज मुलं तिथे अभ्यास करताहेत, एवढं दर्शनाच्या बोलण्यातून कळतं.

नाना पुन्हा आले नाहीत. सभा नसते तेव्हा मी आता खरोखरच रिकामी असते, आणि मला त्यांची आठवण येते.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. वेत तुटला तर नवा विणता येतो. तुमचं माणूस गेलं तर पोटभर रडा, त्याचा फोटो लावा, त्याच्या गोष्टी सांगा. पण त्याला त्याच्या जागेवर बसवून ठेवू नका. त्याला प्रेमानं उठवा आणि स्वतः बसा. प्रश्न विचारला जातो तेव्हा गेलेल्या माणसाचं उत्तर फक्त खुर्चीला ऐकू येतं, आणि खुर्चीला कुणी विचारत नाही.