पातळ पोळ्या

संघप्रियाने दिव्यानीच्या हातातला घास काढून घेतला आणि पोळी परत डब्यात टाकली.

"काऊन वं?" सीताबाईंचा हात तुपाच्या वाटीवरच राहिला. "पातळ लाटल्या ना आता. शेजारच्या मयुरीनं शिकवलं मले."

त्यांच्या मनगटावर तव्याच्या चटक्यांचे डाग होते. नातीसाठी पोळ्या घेऊन सासूबाई मूल गावाहून सकाळच्या गाडीनेच बल्लारपूरला उतरल्या होत्या.

दिव्यानीला साखरेचा आजार निघाला आणि संघप्रियाने घरातला भात बंद केला. भात म्हणजे साखर. दोन्ही वेळ भात खाणाऱ्या झाडीपट्टीच्या घरात गव्हाची पोळी आली. एम.एस्सी. झालेल्या सुनेपुढे बोलणार कोण? पोर पोट धरून बसायची, उलट्या करायची. "नाटकं नको," म्हणत संघप्रिया जबडा धरून घास कोंबायची. हिवाळ्यात न्हाणीमागे आजी नातीला चोरून भात भरवताना सापडली, त्याच दिवशी संघप्रियाने सासूची पिशवी दारात नेऊन ठेवली.

"माझ्या लेकराला मारायला बसल्या तुम्ही."

काल चंद्रपूरच्या डॉक्टरांनी पोरीच्या आतड्याचा रिपोर्ट वाचून चष्मा काढला. "गव्हानेच आतडं सोलून निघालंय. साखरेच्या आजारामागे हा दुसरा येतो काही मुलांत. गहू कायमचा बंद. भात द्या, इन्सुलिन त्याप्रमाणे बसवू."

"पोळी चालत नाही तिला," संघप्रिया आता म्हणाली.

"माह्याच हातची नाई चालत?"

'भात द्या' हे डॉक्टरांचं वाक्य संघप्रियाच्या ओठांपर्यंत आलं. तिने डब्याचं झाकण लावलं.

"बरं." सीताबाईंनी डबा पिशवीत घातला. "दुपारची गाडी हाये."

संघप्रियाने कुकर लावला. भात झाल्यावर पोरीला इन्सुलिनची सुई टोचली आणि ताट पुढे सरकवलं.

"खा."

दिव्यानीने वाफेकडे पाहिलं, थुंकी गिळली. मग दारात चपला शोधणाऱ्या आजीकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मी नाई मांगितला, मम्मी. आजीनं बी नाई आणला."

"मीच देतेय. खा."

"मले नाई आवडत भात."

सुई टोचून झाली होती. आता घास पोटात गेला नाही, तर साखर उतरून पोर कोसळणार होती. सीताबाई एक चप्पल पायात घालून उभ्या होत्या. "आई, तुम्ही भरवा," एवढं म्हटलं असतं तरी पोरीने खाल्लं असतं.

संघप्रियाने सवयीने पोरीचा जबडा धरला. पोरीने सवयीने डोळे मिटून घेतले.