चार तारांचा बॉबी

पस्तिशीचा घोडा झालाय माझा बुद्धभूषण, आणि सकाळी दहाला अंथरुणाची घडीही न करता त्यावरच मांडी घालून त्या गिटारीच्या पिल्लाला छातीशी धरतो. उकुलेले म्हणतात त्याला. नाव घेताना तोंडात गुळणी धरल्यासारखं वाटतं. चार तारा, त्याही प्लास्टिकच्या. मी कुकर लावला की हा गातो, मी भांडी घासायला बसले की हा गातो, आणि गातो काय, तर अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांची जुनी गाणी. अरे, तुझा जन्म इथला, दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधला. आपलंच खेडं तू धड पाहिलं नाहीस, त्यांचं कधी पाहिलंस?

हे खूळ आलं कुठून ते मला माहीत आहे. नोएडात फोनवाल्या कंपन्या निघाल्या तेव्हा हा एकीत लागला. तिकडच्या लोकांची मशीनं बिघडली की इथून बोलून दुरुस्त करायची. तिथं ह्याचं नाव बॉबी. त्यांच्यासारखं बोलता यावं म्हणून एक गोरी बाई शिकवायला आली होती. ती म्हणे, जुनी गाणी सावकाश असतात, एकेक अक्षर मोकळं येतं, तीच गात राहा, जीभ आपोआप वळेल. बाकीच्या पोरांनी जीभ वळवली आणि गाणी सोडून दिली. आमच्या साहेबांनी गाणीच धरून ठेवली. बाई परत जाताना हे चार तारांचं खेळणं त्याला देऊन गेली.

सहा वर्षं बरं चाललं. मग कंपनीनं गाशा गुंडाळला आणि फिलिपिन्सला गेली. बॉबी तिकडे दुसरा कुणीतरी झाला असेल. आमचा घरी बसला.

सून ऋचा दोन वर्षं थांबली. ह्या उन्हाळ्यात लेकीला, मयुराला, घेऊन अमरावतीला माहेरी गेली. जाताना भांडली नाही, हेच वाईट. भांडणारी बाई परत येते. एवढंच म्हणाली, "आई, ह्यांना काम लागलं की कळवा. जूनअखेर शाळा उघडतात. तोवर नाही लागलं, तर मयुराचं नाव मी इकडेच घालते."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ह्याला फोन आला. मॉलमध्ये अमेरिकन जेवणाचं नवं हॉटेल उघडणार होतं, दुपारच्या वेळी गाणारा माणूस हवा होता. ह्यानं स्वतः शर्टाला इस्त्री केली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"आई, बिल्कुल माझ्यासाठीच निघालेली जागा आहे यार!"

"आईला यार म्हणतोस?"

"सॉरी, सॉरी. तू चल ना बरोबर."

मी गेले. भूषणचे बाबा असते तर तेच गेले असते, पण भाऊराव जाऊन दहा वर्षं झाली.

हॉटेलच्या भिंतीवर बैलगाडीची चाकं टांगलेली, घोड्याचे नाल ठोकलेले. आमच्याकडे असलं सामान गोठ्यामागे पडायचं. मॅनेजर तरणा, गळ्यात कार्डाचा पट्टा, पण बोलायला नरम. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. भूषण उभा राहिला आणि गायला लागला. मी चौथी शिकलेली, मला त्यातलं अक्षर कळत नाही. पण हातात भांडं नाही, पोळपाट नाही, नुसतं बसून मी त्याचं गाणं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तिसऱ्या गाण्याआधी तो मॅनेजरला म्हणाला, "सर, ये कोयले की खान का गाना है. बाप खान में मर गया. बेटा कसम खाता है कि मैं नहीं उतरूँगा. और आख़िरी लाइन में उतर जाता है."

माझा बाप चंद्रपूरकडे खाणीत होता. घरी आला की आधी काळं थुंकायचा, मग बोलायचा. तो गेल्यावर माझा भाऊ हणमंत म्हणाला होता, काही झालं तरी मी जाणार नाही. महिनाभरानं दिवा घेऊन निघाला. हे मी भूषणला कधी सांगितलं नव्हतं, आणि ह्याच गाण्याला दोन वर्षं मी रेकणं म्हणत होते. मी रडले नाही. परक्यांच्या खुर्चीवर बसून मी रडत नसते.

मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या. "कमाल है सर. एक्सेंट एकदम ओरिजिनल. लेकिन ये सुनेगा कौन? फॅमिली आएगी, बच्चों के बर्थडे होंगे. कुछ हिंदी सुनाइए ना."

भूषणनं रिक्षावालाही गुणगुणतो असं एक सिनेमातलं गाणं धरलं. पण प्रत्येक शब्द तोंडातून गोल होऊन बाहेर पडायला लागला, एखादा गोरा नुकताच हिंदी शिकल्यासारखा. वाढायला ठेवलेल्या दोन पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. "एक मिनट सर," म्हणत त्यानं तारा पिळल्या, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तारांचा काय दोष? सहा वर्षं वळवलेली जीभ वळून बसली होती.

"रहने दीजिए," मॅनेजर म्हणाला. "गेट पर एक आदमी चाहिए. काउबॉय की टोपी, बूट, सब हम देंगे. बच्चों को गुब्बारे देना, अंग्रेज़ी में वेलकम बोलना. आप बोलेंगे तो असली लगेगा. और ये छोटा गिटार गले में लटका लीजिए, अच्छा दिखेगा. बजाना मत, अंदर स्पीकर चलेगा. मंज़ूर हो तो कल ग्यारह बजे आ जाइए."

बाहेर पायऱ्यांवर ऊन मी म्हणत होतं. भूषण ते खेळणं काखेत धरून उभा राहिला.

"दारात उभं राहायचंय, आई."

"ऐकलं मी."

"नाही म्हणतो. दुसरीकडे बघतो."

"दुसरीकडे कुठे?"

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. समोर नव्या इमारतीच इमारती.

"ऋचाला सांगू का, सिंगरचं काम लागलं म्हणून?"

मी पदरानं तोंडावरचा घाम पुसला.

"खरं सांग आई, मी वाईट गातो का?"

"नाही रे. चांगला गातोस. खाणीचं गाणं ऐकून माझा बाप समोर उभा राहिला. पण ते इथं कुणालाच नको आहे, आणि जिथं हवं असेल ते गाव मला ठाऊक नाही. उद्या अकराला जा आणि टोपी घाल. ऋचाला खोटं सांगू नकोस. दारात उभा राहतो म्हणून सांग, आणि ती भांडून गेलेली नाही, येणार नाही हे धरूनच सांग."